पायरीची कड

सूर्य मावळण्याची वेळ दिनदर्शिकेत मिनिटापर्यंत छापलेली असते. अंधार पडण्याची वेळ मात्र कोठेही छापलेली नसते, आणि ती छापता येणेही शक्य नाही. उजेड ओसरत जातो, झाडाची पाने एकमेकांत मिसळून जातात, भिंतीचा रंग आधी मळकट आणि मग करडा होतो, पण ज्याच्या अलीकडे उजेड आणि पलीकडे अंधार असे बोट ठेवून दाखवावे, असा क्षण या सगळ्यात सापडत नाही. संध्याकाळी आपोआप लागणाऱ्या दिव्याला मात्र असाच एक क्षण कोणीतरी नेमून द्यावा लागतो, कारण लागणे आणि मालवणे या दोनच अवस्था त्याला ठाऊक असतात. गेली काही वर्षे मी जिन्यावरचे, अंगणातले, फाटकाजवळचे दिवे प्रकाशसंवेदकाला जोडण्याचा छंद जोपासते आहे. त्यातला तारा जोडण्याचा भाग सोपा आहे. मूठभर सुटे भाग आणि थोडे सोल्डर यांत तो आटोपतो. अवघड आहे ते अंधार म्हणजे किती अंधार हे ठरवणे, आणि त्याविषयीच मला लिहायचे आहे.

उजेड मोजण्याचे एकक लक्स. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर १,००,००० लक्सच्या आसपास उजेड पडतो. आकाश ढगांनी भरलेले असले तर तो १,००० ते १०,००० लक्सपर्यंत खाली येतो. निरभ्र आकाशात सूर्यबिंब क्षितिजाखाली जाते तेव्हा सुमारे ४०० लक्स उरलेले असतात. आणि सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांवर पोहोचतो, म्हणजे खगोलशास्त्रात ज्याला नागरी संधिप्रकाश म्हणतात तो संपतो, तेव्हा मोकळ्या जागी जेमतेम ३ ते ४ लक्स असतात. पौर्णिमेचा चंद्र ०.३ लक्सच्या वर सहसा जात नाही. विषुववृत्तावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे सूर्यास्तापासून नागरी संधिप्रकाशाच्या अखेरीपर्यंतची ही घसरण तेथे वीस-बावीस मिनिटांत पुरी होते; सरासरी काढली तर दर तीन मिनिटांनी उजेड निम्मा होत जातो. ध्रुवांकडे जावे तसा सूर्याचा मार्ग तिरका होतो आणि संधिप्रकाश लांबतो. साधारण ६०.५ अंश अक्षांशाच्या पलीकडे तर ऐन उन्हाळ्याच्या मध्यावर तो रात्रभर संपतच नाही.

या हिशेबातून एक गोष्ट निघते, जी मला पुढे फार उपयोगी पडली. उजेड तीन-तीन मिनिटांनी निम्मा होत असेल, तर दिवा ४० लक्सला लावावा की १० लक्सला, या निवडीने निरभ्र संध्याकाळी केवळ सहा मिनिटांचा फरक पडतो. आकडा चौपट बदलला तरी घड्याळ थोडेच हलते. पण त्या सहा मिनिटांत कोणी जिना उतरत असेल, तर ती सहा मिनिटे लहान नसतात.

एवढी मोठी घसरण डोळ्यांदेखत होत असताना आपल्याला ती फारशी जाणवत नाही, याला कारण डोळाच आहे. बाहुली रुंदावते, पण तिचा वाटा लहान. मोठा बदल दृष्टिपटलात होतो. दिवसा काम करणाऱ्या शंकुपेशी हळूहळू माघार घेतात आणि मंद उजेडासाठी असलेल्या दंडपेशी पुढे येतात. त्यांना पुरत्या सरावायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. या अदलाबदलीत डोळ्याचा रंगांकडचा कलही सरकतो. दिवसा त्याला ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळसर हिरवा प्रकाश सर्वांत उजळ वाटतो, तर अंधाराला सरावल्यावर ५०७ नॅनोमीटरचा निळसर हिरवा. म्हणूनच तिन्हीसांजेला तांबडे फूल काळपट पडते आणि त्याच झाडाची पाने अजून उजळ दिसत राहतात. बोहेमियातील शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे नोंदवले आणि त्यांच्याच नावाने ते आज ओळखले जाते. डोळा असा सतत स्वतःला जुळवून घेतो, आणि ‘अजून दिसते आहे’ असे म्हणत आपण दिवा लावायला उशीर करतो. संवेदक जुळवून घेत नाही. समोर जितका उजेड आहे तितकाच तो सांगतो, मग तो कोणाला पुरतो आहे की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

पदार्थाला उजेड ‘कळतो’ हे माणसाला अचानक कळले. १८७३ साली विलोबी स्मिथ हे इंग्लिश अभियंते समुद्राखालून टाकल्या जाणाऱ्या तारायंत्राच्या केबलींच्या चाचण्यांसाठी खूप जास्त रोध असलेला पदार्थ शोधत होते. त्यांनी सेलेनियमच्या कांड्या वापरून पाहिल्या, पण त्यांची मापे एकसारखी येईनात. पेटीचे झाकण सरकवून कांड्या झाकल्या की रोध वाढे, उघड्या ठेवल्या की उतरे. ज्या कामासाठी सेलेनियम आणले होते त्या कामाला ते निरुपयोगी ठरले, आणि त्याच निरुपयोगी वागण्यातून उजेड विजेने मोजता येतो हे जगाला समजले. सात वर्षांनी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी सेलेनियमचाच उपयोग करून प्रकाशकिरणावरून आवाज पाठवून दाखवला.

तरीही अंधार पडताच स्वतः लागणारा आणि उजाडताच स्वतः मालवणारा दिवा समुद्रावर ज्यांनी रुजवला त्यांनी वीज वापरलीच नाही. स्वीडनचे गुस्ताफ डालेन यांनी १९०७ साली दीपस्तंभांसाठी जी ‘सूर्यझडप’ तयार केली तिची रचना मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. काचेच्या आवरणात चार धातूच्या कांड्या. मधली काळी केलेली, तिच्याभोवतीच्या तीन झगझगीत घासलेल्या. दिवसा चारही कांड्यांवर सारखाच उजेड पडतो, पण काळी कांडी तो शोषून घेते आणि इतरांपेक्षा किंचित अधिक तापते, म्हणून किंचित अधिक प्रसरण पावते. त्या केसभर फरकाने एक तरफ हलते आणि अ‍ॅसिटिलीन वायूची वाट बंद होते. सांज झाली की काळी कांडी आखडते, वाट उघडते, आणि तेवत ठेवलेल्या बारीक ज्योतीवर दिवा पेट घेतो. हवा गार असो की उष्ण, त्याने काही बिघडत नाही, कारण हवेच्या उष्णतेने चारही कांड्या सारख्याच वाढतात आणि फरक शिल्लक राहत नाही. उरतो तो फक्त उजेडाने केलेला फरक. दोन गोष्टींवर सारखा परिणाम करणारे सारे वजा करावे आणि हवे तेवढेच मोजावे, हा विचार त्या चार कांड्यांत धातूच्या रूपाने उभा आहे. या झडपेमुळे मनुष्यवस्तीपासून दूरच्या खडकांवरचे आणि पाण्यावर तरंगणारे दिवे महिनोन्महिने कोणी न जाताही चालू लागले.

डालेन यांना १९१२ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, दीपस्तंभांच्या आणि तरंगत्या दिव्यांच्या स्वयंचलित नियंत्रकांसाठी. त्याच वर्षी, पारितोषिकाच्या आधी, वायूच्या टाक्यांची चाचणी घेताना झालेल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती. पारितोषिक स्वीकारायला त्यांचे भाऊ गेले. त्यानंतरही १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी आपली कंपनी चालवली आणि संशोधन सोडले नाही. मी संवेदकाचे काम हाती घेते तेव्हा या माणसाची आठवण आदराने होते, आणि ती केवळ त्याच्यावर ओढवलेल्या प्रसंगामुळे नव्हे. दिवा कोणासाठी लागायचा आहे हे त्याने एकदाही नजरेआड होऊ दिले नाही. खडकाजवळून जाणाऱ्या नावाड्याला अंधार कधी पडला याच्याशी देणेघेणे नसते. त्याला खडक कोठे आहे ते कळायला हवे असते.

आज हौसेने दिवा जोडणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा येतो तो बहुधा एलडीआर: बोटाच्या पेराहून लहान चकती आणि तिच्या तोंडावर नागमोडी पट्टा. तो पट्टा कॅडमियम सल्फाइडचा असतो. त्यावर पडणारा उजेड आतल्या इलेक्ट्रॉनना मोकळे करतो, आणि जितके इलेक्ट्रॉन मोकळे तितका विजेला होणारा रोध कमी. नेहमीच्या वापरातल्या एका प्रकारात १० लक्सला १० ते २० किलोओहम आणि काळोखात १ मेगाओहमच्या घरात रोध मिळतो. या पदार्थाचा रंगांकडचा कल माणसाच्या डोळ्याच्या बराच जवळ जातो, आणि म्हणून त्याला जे उजळ वाटते ते साधारणपणे आपल्यालाही उजळ वाटते. त्याचे दोष दोन. एक, तो आधीचा उजेड विसरत नाही: बराच वेळ काळोखात ठेवलेला आणि बराच वेळ उजेडात ठेवलेला असे एकाच जातीचे दोन एलडीआर सारख्याच उजेडात आणले तरी काही काळ त्यांचे रोध वेगवेगळे येतात. दुसरा दोष गंभीर आहे. कॅडमियम विषारी आहे, आणि युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विजेच्या उपकरणांतल्या प्रत्येक एकजिनसी पदार्थात त्याचे प्रमाण वजनाच्या ०.०१ टक्क्यावर मर्यादित केले. त्यामुळे नव्या उपकरणांत सिलिकॉनचे फोटोट्रान्झिस्टर आणि फोटोडायोड येऊ लागले. ते चपळ आहेत, पण त्यांची नजर आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाकडे अधिक ओढ घेते. जुन्या तारेच्या बल्बचा उजेड त्यांना आपल्यापेक्षा खूप जास्त भासतो. त्यावर गाळणी बसवून आणि गणित करून थेट लक्समध्ये आकडा देणारे बीएच१७५० सारखे संवेदकही आता सहज मिळतात.

जोडणी थोडक्यात सांगते. एलडीआर आणि एक रोधक एकापुढे एक जोडून दोन टोकांना ५ व्होल्ट दिले, की मधल्या बिंदूवरचे व्होल्टेज उजेडाबरोबर वर-खाली होते. त्याची एका ठरलेल्या व्होल्टेजशी तुलना करण्याचे काम एलएम३९३ सारखी कम्पॅरेटर चिप करते, तिच्या निकालावर ट्रान्झिस्टर रिले, म्हणजे विजेने हलणारे बटण, ओढतो, आणि रिलेच्या संपर्कांतून घरच्या विजेवरचा दिवा लागतो. (रिलेच्या पलीकडची ही बाजू जिवावर बेतू शकते, ती जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी.) ते ‘ठरलेले व्होल्टेज’ ठरते प्रीसेटवर, म्हणजे बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या एका लहानशा खाचेवर. दिव्याला अंधाराचा जो काही अर्थ ठाऊक असतो तो सगळा त्या खाचेच्या कोनात असतो.

पहिल्या संध्याकाळी हे विद्युतमंडल जे करते ते प्रत्येकाने एकदा पाहायला हवे. उजेड ठरलेल्या पातळीखाली जातो, दिवा लागतो. दिव्याचा उजेड संवेदकावर पडतो, संवेदकाला वाटते उजाडले. दिवा मालवतो, पुन्हा अंधार होतो, पुन्हा दिवा लागतो. रिले तडतडत राहते आणि दिवा वेड्यासारखा उघडमीट करतो. यंत्र बिघडलेले नसते. दिलेला नियम ते अत्यंत प्रामाणिकपणे पाळत असते; नियमातच ही अडचण असते, कारण अंधार दूर करण्यासाठी लावलेला दिवा अंधाराचे मोजमाप बदलतो. दिवा नसता तरी तडतड पूर्ण टळली नसती, कारण उजेड अगदी सीमेवर असताना एखादी फांदी हलणे, एखादा पातळ ढग सरकणे एवढेही पुरते.

यावरचा उपाय म्हणजे एका सीमेऐवजी दोन सीमा आखणे. १० लक्सच्या खाली गेल्यावर दिवा लागावा, पण एकदा लागला की ३० लक्सच्या वर गेल्याशिवाय मालवू नये. मधल्या पट्ट्यात जे चालले आहे तेच चालू राहावे. याला हिस्टेरेसिस म्हणतात. कम्पॅरेटरच्या निकालातला थोडासा भाग एका मोठ्या रोधकातून परत त्याच्याच आत देऊन ते साधते. मंडलाची ही कल्पना ऑटो श्मिट या अमेरिकी संशोधकाने १९३४ साली, विद्यार्थिदशेत, समुद्रातील स्क्विडच्या मज्जातंतूंचा अभ्यास करताना काढली. मज्जातंतूही असाच वागतो: एका पातळीपर्यंत गप्प, आणि तिच्या पलीकडे पुरता जागा. सजीवाच्या शरीराकडे बारकाईने पाहून सापडलेली गोष्ट जिन्यावरच्या दिव्याची तडतड थांबवते, हे मला फार आनंदाचे वाटते.

पण माझे मत असे की हिस्टेरेसिसवर सगळा भार टाकू नये. आधी संवेदक नीट जागी बसवावा. तो आकाशाकडे पाहणारा असावा, दिव्याकडे पाठ केलेला असावा, आणि शक्य असेल तर आखूड नळीच्या तळाशी असावा, म्हणजे बाजूचा प्रकाश त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. उत्तर गोलार्धात त्याचे तोंड उत्तरेकडे ठेवण्याची जाणकारांची पद्धत आहे; पश्चिमेला तोंड केले तर मावळत्या सूर्याचा थेट झोत त्याला शेवटपर्यंत फसवतो, उत्तरेचे आकाश त्या मानाने शांतपणे मावळते. पावसाळी हवेत झाकणाच्या आत साचणारा दमटपणा, वरून बसणारी धूळ, नळीत जाळे विणणारा कोळी, या सगळ्यांमुळे संवेदकाला कालांतराने जग अधिक काळोखे दिसू लागते आणि दिवा दिवसेंदिवस लवकर लागू लागतो. कापडाने पुसणे ही त्यावरची दुरुस्ती.

दुसरी गरज आहे थांबण्याची. वीज चमकली, गाडीच्या दिव्यांचा झोत वळणावरून फिरला, पक्षी नळीवर येऊन बसला, तर लगेच निर्णय बदलू नये. रस्त्यावरच्या दिव्यांत वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या एका प्रकारच्या संवेदकात हा धीर रचनेतच होता. त्यात कॅडमियम सल्फाइडच्या चकतीतून वाहणारा प्रवाह एका बारीक तापकातून जातो आणि तापक दोन धातूंची जोडपट्टी तापवतो. दिवसा पट्टी तापून वाकलेली असते आणि संपर्क उघडा राहतो. सांज झाली की प्रवाह मंदावतो, पट्टी निवत सरळ होते, संपर्क मिटतो आणि दिवा लागतो. तापायला आणि निवायला वेळ लागतो, म्हणून क्षणभराच्या झोताने काही होत नाही. आज तेच काम मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे आज्ञावलीवर चालणाऱ्या एका लहानशा चिपला, दर काही सेकंदांनी माप घ्यायला सांगून, सलग दोन मिनिटे सारखे उत्तर आले तरच ते मानायला लावून करतात.

याच जोडपट्टीच्या रचनेत आणखी एक निर्णय दडलेला आहे, आणि तो मला मनापासून पटतो. चकती निकामी झाली, तापक तुटला, तर पट्टी थंड राहते, आणि थंड पट्टी म्हणजे लागलेला दिवा. बिघडायचेच तर उजेडाच्या बाजूने बिघडावे, हे करणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. भर दुपारी जळणारा रस्त्यावरचा दिवा पाहून आपण निष्काळजीपणाला बोल लावतो, आणि वीज वाया जाते हेही खरे. पण पुष्कळदा तो दिवा आपल्या बिघाडाची बातमी देत असतो, आणि तोही कोणाला अंधारात न ठेवता. उलट रचना असती तर बिघाड रात्री कळला असता, तोही चाचपडणाऱ्या एखाद्याला. मी करते त्या जोडण्यांतही संवेदकाची तार तुटली तर चिपला ‘अंधार’ वाटावा अशीच मांडणी ठेवते.

एवढा खटाटोप कशाला, घड्याळ लावावे, असे काही जण म्हणतात. साधे घड्याळ फार दूर नेत नाही. ६० अंश अक्षांशावर हिवाळ्यातला आणि उन्हाळ्यातला सूर्यास्त यांत सहा तासांहून अधिक अंतर असते. अक्षांश, रेखांश आणि तारीख यांवरून रोजचा सूर्यास्त स्वतः मोजणारी घड्याळे मात्र चांगली असतात, आणि त्यांना कोळ्याच्या जाळ्याची भीती नसते. पण त्यांना आकाश दिसत नाही. दाट ढगांनी उजेड एक दशांशावर आणला, तर वर मांडलेल्या हिशेबाप्रमाणे अंधार दहा मिनिटे आधी येतो. उंच भिंतींच्या मधल्या बोळात तो त्याहून आधी येतो. ८ एप्रिल २०२४ रोजी उत्तर अमेरिकेतून खग्रास ग्रहणाची छाया सरकत गेली तेव्हा संवेदकांवर चालणारे रस्त्यावरचे दिवे ठिकठिकाणी दिवसाढवळ्या लागले. कोणी त्यांना फसलेले दिवे म्हणाले. मला ते मान्य नाही. अंधार झाला होता आणि ते लागले, याहून अधिक त्यांच्याकडून काय मागावे? माझी पसंती दोघांना एकत्र ठेवण्याला आहे: घड्याळाने दुपारभर पहारा करावा, संध्याकाळचा निर्णय संवेदकाने घ्यावा.

अंगणात खोचायच्या सौरदिव्यांत तर वेगळा संवेदक नसतोच. दिवसभर बॅटरी भरणारे पटलच संध्याकाळी साक्ष देते. त्याचे व्होल्टेज पडले की चार पायांची एक इवलीशी चिप १.२ व्होल्टच्या बॅटरीतून एलईडीला लागणारे जास्त व्होल्टेज तयार करून दिवा लावते. त्यात फिरवायची खाच नसते, म्हणून ठरवायचेही काही नसते. काटकसरीचा तो उत्तम नमुना आहे, पण जिथे पाय घसरण्याची शक्यता आहे तिथे मी तो लावत नाही.

आणि येथे मी मूळ प्रश्नाकडे येते. प्रीसेट किती फिरवायचा? तक्ते आहेत, शिफारशी आहेत, पण ते मोकळ्या रस्त्यासाठी असतात. मी बरीच वर्षे तो माझ्या डोळ्यांनी ठरवत असे: संध्याकाळी जिन्यात उभे राहायचे, मला कमी दिसू लागले की स्क्रू फिरवून दिवा लावायचा, झाले. आईचे वय वाढले आणि ती तिन्हीसांजेला खाली उतरायला कां-कूं करू लागली, तेव्हा मी तिला सोबत घेऊन पायऱ्यांवर बसले आणि अंधार होताना तिला विचारत राहिले. “आई, दिसते का गं पायरी?” ती म्हणाली, “पायरी दिसते आहे, तिची कड दिसत नाही.” मला त्या वेळी सगळे स्वच्छ दिसत होते. आकाशाकडे तोंड केलेल्या संवेदकापाशी मापक ४० लक्स दाखवत होता. तोच मापक मी पायरीवर ठेवला तर तेथे छपराच्या सावलीत जेमतेम १० लक्स होते.

तिच्या एका वाक्यात दोन गोष्टी होत्या. संवेदक मोजतो तेथला उजेड आणि पाय पडतो तेथला उजेड एक नसतो, ही पहिली, आणि ती मापकाने सुटते. दुसरी मापकाने सुटत नाही. वयाबरोबर बाहुली आखडते, भिंग पिवळसर आणि धूसर होते, आणि साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो. उजेडातून अंधाराला सरावण्याचा वेगही मंदावतो. शिवाय जिना उतरताना डोळ्याला नुसती पायरी दिसून भागत नाही; एक दगड संपून दुसरा कोठे सुरू होतो ती रेषा दिसावी लागते, आणि एकाच रंगाच्या दोन पृष्ठभागांमधली रेषा हीच सर्वांत आधी विरघळते. मला जो संधिप्रकाश आहे तो तिला अंधार आहे, आणि दोघींच्या मधली ती वेळ पडण्याची वेळ आहे. दिव्याची पातळी घरातल्या सर्वांत थकलेल्या डोळ्यांनी ठरवावी, असे मला तेव्हापासून ठामपणे वाटते, आणि सार्वजनिक जिने, पूल, दवाखान्यांची दारे येथेही हेच लागू व्हावे असे वाटते. वीज वाचवण्यासाठी पातळी खाली ओढली जाते तेव्हा जी काही मिनिटे वाचतात ती कोणाच्या वाट्याची असतात, हे कोणी तरी म्हातारे माणूस शेजारी उभे करून पाहायला हवे.

पण याचा अर्थ दिवे भराभर लवकर लावावेत असाही नाही. रात्री हिंडणाऱ्या किड्यांना आणि पाखरांना आपला उजेड भोवतो हे आता चांगले ठाऊक आहे, आणि मलाही सांज विनाकारण पुसून टाकणे आवडत नाही. म्हणून दिव्याआधी आम्ही पायऱ्यांच्या कडांना पांढरा पट्टा मारला. पुन्हा तसेच बसलो. आता आईला कड दिसेनाशी झाली ती संवेदकापाशी २५ लक्स असताना. विजेचा एक कणही न वापरता रंगाने अंधार थोडा पुढे ढकलला होता.

राहता राहिली सकाळ, आणि तिने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला. हिस्टेरेसिस सांगतो की मालवण्याची पातळी लागण्याच्या पातळीहून वर असावी. डोळा नेमके उलट सांगतो. संध्याकाळी तो दिवसभराच्या लखलखाटातून आलेला असतो, पहाटे रात्रभराच्या काळोखातून. म्हणून पहाटेचा तोच उजेड त्याला अधिक पुरतो. आई पहाटे खोलीतला दिवा न लावताच बाहेर येते, आणि सायंकाळी जेथे ती अडखळते त्याहून खूपच कमी उजेडात निर्धास्त उतरते. म्हणजे डोळ्यासाठी मालवण्याची पातळी खाली हवी, आणि तडतड टाळण्यासाठी वर. एका कम्पॅरेटरला हे दोन्ही जमणारे नाही. मायक्रोकंट्रोलरला जमते, कारण त्याला वेळ कळतो: सायंकाळी दिवा एकदा लागला की पुढचे कित्येक तास मालवण्याचा विचारच करायचा नाही, आणि त्यानंतर फक्त वाढत्या उजेडाकडे लक्ष ठेवायचे, मालवला की पुन्हा दुपार उलटेपर्यंत लावायचा नाही. दोन पातळ्यांचा एकमेकींशी संबंधच तोडला की तडतडीला जागा उरत नाही. मात्र त्यासाठी संवेदकावर दिव्याचा स्वतःचा उजेड अजिबात पडता कामा नये, नाहीतर पहाटेचे माप खोटे येते. नळी आम्ही आणखी दोन बोटे लांब केली. शेजारी हाताने लावायचे जुने बटणही तसेच ठेवले आहे, ढग दाटलेल्या दुपारी आईला वाटेल तेव्हा ती दिवा लावू शकते. सध्या जिन्यावरचा दिवा सायंकाळी २५ लक्सला लागतो आणि पहाटे १० लक्सला मालवतो, आणि पुढच्या वर्षी हे दोन्ही आकडे तिला विचारून पुन्हा ठरवायचे आहेत.